गोध्र्याची धूळ आणि गावाची वही

(दसऱ्यानंतरच्या तालुका बैठकीत संघटनेच्या आरोग्य गटाने केलेलं बोलणं. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळी वनहक्काच्या दाव्यांवर बोलणं झालं. आता जेवणं झालीत, मागे बसलेल्यांचे डोळे मिटायला लागलेत, तरी थोडा वेळ द्या. विषय आहे कामाला बाहेर जाणाऱ्या माणसांच्या तब्येतीचा. तो दाव्याच्या कागदाशी जोडलेला आहे, कसा ते पुढे येईल.

मुकादमांच्या जीपा पाड्यापाड्यावर फिरायला लागल्या आहेत. उचल वाटली जातेय. दिवाळी उरकली की अर्धं गाव खाली. कुणी बारडोलीकडे ऊस तोडायला, कुणी सुरतेला बांधकामावर, कुणी सौराष्ट्रात भागाने शेती करायला. कोयत्याचं काम आपल्या ओळखीचं आहे, आजोबांपासून चालत आलंय. पण आता दोन-तीन वर्षांपासून मुकादम नव्या कामाचं नाव घेतात. दगड दळायचा कारखाना, टाइल्सचा कारखाना, खडीचं मशीन. रोज जास्त आहे म्हणतात. अशा कामाला कुणी निघाला असेल तर त्याने जायच्या आधी नर्मदेपलीकडे काय झालं ते ऐकून जावं.

आलीराजपूर, झाबुआ, धार हे मध्य प्रदेशातले जिल्हे. आलीराजपूर तर आपल्या समोरच आहे, मध्ये फक्त नदी. आपल्या कितीतरी बाया तिकडून लग्न होऊन आल्या. तीच भिल, भिलाला, बारेला माणसं, तशीच उताराची जमीन. २००० सालाच्या आसपास तिकडे ओळीने दुष्काळाची वर्षं गेली. शेत पिकेना, उधारी वाढली. गुजरातमध्ये गोध्रा आणि बालासिनोरला दगडाच्या कारखान्यात माणूस पाहिजे असा निरोप मुकादमाकडून आला. छपराखाली काम, ऊन नाही, पाऊस नाही. नवरा-बायको दोघं गेले, भाऊ भावाला घेऊन गेला, काहींनी पोरंही सोबत नेली.

तिथे काम होतं गारगोटी दळायचं. गारगोटी आपण सगळे ओळखतो, पोरं तिच्यावर ठिणग्या पाडतात. त्या पांढऱ्या दगडाची मैद्यासारखी भुकटी करतात. ती काचेच्या आणि चिनी मातीच्या कारखान्यांना जाते, तिच्यापासून काच होते, फरशा होतात. दगड मशीनमध्ये टाकायचा, भुकटी चाळायची, पोती भरायची, पोत्यांची तोंडं शिवायची. छपराखाली इतकी धूळ की बाजूच्या मशीनवरचा माणूस दिसत नाही. संध्याकाळी सगळी पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी पांढरी. अंग धुतलं की बाहेरची धूळ जायची. आत गेलेली राहायची.

ही धूळ शेतातल्या धुळीसारखी नाही. गारगोटीत जो पदार्थ असतो त्याला सिलिका म्हणतात. दगड दळताना त्याचे इतके बारीक कण होतात की ते केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. शेतातली माती नाकात अडते, खाकरून बाहेर पडते. हे कण फुप्फुसाच्या पार तळाला जाऊन बसतात. शरीर त्यांना बाहेर काढू शकत नाही, मग त्यांच्याभोवती गाठी बांधतं. विस्तवावर पडलेलं कातडं कसं आकसतं, तसं फुप्फुस कडक होत जातं. त्यात हवा मावत नाही. या रोगाचं नाव सिलिकोसिस. खाणीत कमी धुळीत काम करणाऱ्याला तो दहा-वीस वर्षांनी होतो. गारगोटीच्या गिरणीत धूळ इतकी दाट असते की काही महिन्यांचं काम पुरतं, आणि एक-दोन वर्षांत माणूस खाटेला लागतो.

लोक तोंडाला रुमाल, लुगड्याचा पदर बांधायचे. त्याने जाडी धूळ अडते, जी मारते ती कापडातून आरपार जाते. धुळीला रोखायचं तर ते मालकाने मशीनजवळ रोखायला पाहिजे. दगडावर पाणी मारत राहायचं, मशीन झाकायचं, धूळ ओढून घेणारा पंखा लावायचा. यात नवीन विद्या काही नाही. कारखान्यांचा १९४८ चा कायदा २०२५ पर्यंत होता, त्यात सिलिकोसिसचं नाव लिहिलेलं होतं, आणि असा रोगी डॉक्टरला दिसला तर त्याने कारखाना निरीक्षकाला कळवायचं हेही लिहिलेलं होतं. पाणी मारायला आणि पंखा लावायला पैसे लागतात. मजूर मात्र मुकादमाला सांगितलं की आणखी मिळतात.

आता रोग कसा दिसतो ते ध्यानात ठेवा. पहिल्यांदा चढ चढताना दम लागतो. जो पोरगा लाकडाचा भारा घेऊन टेकडी चढायचा, तो अर्ध्यात बसतो. कोरडा खोकला येतो. छाती आवळल्यासारखी वाटते. वजन उतरतं. सुरुवातीला ताप बहुतेक नसतो. सरकारी दवाखान्यात नेलं तर खोकला आणि वजन बघून टीबीच्या गोळ्या देतात. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, फरक नाही, पुन्हा सहा महिने. थुंकी तपासली तर टीबी निघत नाही, तरी गोळ्या चालू. डॉक्टरने एक प्रश्न विचारायला पाहिजे, तो म्हणजे कामाला कुठे गेला होतास. तो विचारत नसेल तर आपण आपणहून सांगायचं. दगड दळायच्या कारखान्यात होतो, इतके महिने होतो, छातीचा एक्स-रे काढा, आणि हे केसपेपरवर लिहा. लिहिल्याशिवाय उठायचं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर आमच्या बोलण्याने नुकसान होईल. धुळीने खराब झालेल्या फुप्फुसाला खरा टीबीसुद्धा लवकर धरतो. तपासणीत टीबी निघाला तर गोळ्या पूर्ण खायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. टीबी बरा होतो. सिलिकोसिसवर औषध नाही, धूळ काढणारी गोळी जगात कुठे निघालेली नाही. जो म्हणेल आहे, आणि बकरी विकून पैसे आणा म्हणेल, त्याला घराबाहेर काढा. धुळीचं काम लगेच सोडणं, बिडी बंद करणं, टीबीची तपासणी करत राहणं, एवढंच हातात असतं. त्याने काही वर्षं मिळतात.

दवाखान्याच्या आधी माणूस बडव्याकडे जातो हेही आम्हाला माहीत आहे. बडव्याकडे जाण्याबद्दल आम्ही काही बोलत नाही. पण एका पाड्यावर दोन-तीन वर्षांत चार तरुण एकाच तऱ्हेने वाळून मेले, तर लोक काय म्हणतात ते तुम्हालाही माहीत आहे. कुणीतरी खातंय म्हणतात. मग एखाद्या म्हातारीचं, एखाद्या विधवेचं नाव निघतं. आपल्या डोंगरात बायांना डाकीण म्हणून मारलंय, गावातून हाकललंय. २०१३ पासून महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आहे, पण कायदा येईपर्यंत बाई मेलेली असते. म्हणून सांगतो, कारभारी आणि पोलीस पाटील इथे बसलेत त्यांनी विशेष ऐकावं: तरुण माणसं एकामागून एक जायला लागली तर पहिल्यांदा ती सगळी कुठे कामाला होती ते विचारा. चौघांचं एकाच कारखान्याचं नाव निघालं तर म्हातारीच्या दारात जायचं काही कारण उरत नाही.

पलीकडे नेमकं असंच विचारलं गेलं. खेडूत मजदूर चेतना संगठ ही आलीराजपूरची संघटना. जंगलजमिनीसाठी लढणारी, आपल्यासारखीच. तिच्या आणि सोबतच्या लोकांनी घरोघर फिरून याद्या केल्या. कोण गेलं होतं, किती दिवस होतं, कोण मेलं, कोण खाटेवर आहे. पुढे आजारी माणसांनी आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी सिलिकोसिस पीडित संघ उभा केला. २००६ साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तपास केला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये सांगितलं की मेलेल्या २३८ जणांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत आणि आजारी ३०४ जणांचं पुनर्वसन मध्य प्रदेश सरकारने करावं. गुजरात सरकारने तेव्हा पैसे दिले नाहीत. शेवटी ४ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या २३८ जणांसाठी पैसे देण्याचा हुकूम केला.

याला दहा वर्षं लागली. या दहा वर्षांत आजारी लोकांच्या यादीतली नावं मेलेल्यांच्या यादीत जात राहिली. आणि हे फक्त ज्यांची नावं यादीत आली त्यांचं. ज्यांचं नाव कुणी लिहिलं नाही ते २३८ मध्येही नाहीत आणि ३०४ मध्येही नाहीत.

एवढा वेळ का लागला? वकील-कोर्टाचं जे असतं ते होतंच. पण मुळातली अडचण अशी होती की मजुरांजवळ कागद नव्हता. कारखान्याच्या हजेरीपत्रकात नाव नाही, ओळखपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही. रोजचा रोकडा, तोही मुकादमाच्या हातून. आजार दिसला तो घरी परतल्यावर, दूर, दुसऱ्या राज्यात. मालकाला म्हणायला सोपं, हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. फुप्फुसात त्याच्याच कारखान्याची भुकटी भरलेली, पण फुप्फुसावर कारखान्याचा शिक्का नसतो.

आता सकाळचा विषय आठवा. जंगलखात्याचा गार्ड येऊन दंड करायचा, पावती फाडायचा. आपल्या म्हाताऱ्यांनी त्या पावत्या कुडाच्या भिंतीत, पत्र्याच्या डब्यात, कपड्यात गुंडाळून जपल्या. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की २००६ चा वनहक्क कायदा येईल आणि अतिक्रमण म्हणून फाडलेली तीच पावती आपण आधीपासून कसत होतो याचा पुरावा होईल? ज्यांनी पावती चुलीत घातली त्यांचे दावे अजून अडकलेले आहेत, त्यांना म्हाताऱ्यांचे जबाब, जुने बांध, झाडं दाखवत फिरावं लागतंय. कागदाचं हे काम आपण दहा वर्षं शिकलो. दाव्याचा अर्ज भरून देणारी पोरं आज प्रत्येक पाड्यात आहेत. तीच पोरं मजुरीचा कागदही सांभाळू शकतात.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पाड्याने एक वही ठेवायची. वनहक्क समितीच्या दप्तरातच ठेवा, वेगळी समिती नको, समित्या खूप झाल्या. दिवाळीनंतर जो जाईल त्याचं नाव लिहायचं. कुठल्या मुकादमाबरोबर, त्याचा गाव, त्याचा फोन नंबर, उचल किती घेतली, जायचं ठिकाण कुठलं, काम कसलं, सोबत बाया-पोरं किती. होळीला परत आला की पुन्हा लिहायचं. नेलं तिथेच काम दिलं की दुसरीकडे, किती दिवस, हिशोब झाला का, तब्येत कशी. खाली त्याची सही नाहीतर अंगठा, दोन साक्षीदार. ग्रामसभेत महिन्यातून एकदा वाचून दाखवायची, म्हणजे खोटं राहणार नाही आणि हरवणारही नाही. आता प्रत्येक जीपेत एकाकडे तरी कॅमेऱ्याचा मोबाईल असतो. कारखान्याच्या दारावरची पाटी, पोत्यावर छापलेलं नाव, मशीनजवळ उभा असलेला आपला माणूस, यांचे फोटो काढून पाड्यावर राहिलेल्या कुणाला तरी पाठवायचे. फोटो काढू देत नसतील तर रिकाम्या पोत्याचा एक तुकडा कपड्यात घालून आणा. एस.टी.चं तिकीट, मुकादमाची उचलीची चिठ्ठी, दवाखान्याचा केसपेपर, फेकायचं काही नाही.

एका दादाने मघाशी विचारलं की मुकादमालाच कागद का मागू नये. बरोबर आहे, मागायचाच. परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांचा १९७९ चा कायदा २०२५ पर्यंत होता. त्यात पाच किंवा जास्त मजूर दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागायचा. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं लागायचं, त्यात कामाचं ठिकाण, दिवस, मजुरीचा दर, आणि ते मजुराला कळणाऱ्या भाषेत. जाण्यायेण्याचं भाडं, तिथे फुकट औषधपाणी, थंडीचे कपडे हे सगळं त्या कायद्यात होतं. कुणी मेला किंवा मोठी इजा झाली तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवायची सक्ती होती. आता हात वर करा, असं पासबुक कुणी पाहिलंय? (एकही हात वर झाला नाही.) ठीक आहे. यंदा तहसील कचेरीच्या मोर्चाच्या मागण्यांत पासबुकाची मागणी घालू. पण तोवर आपली वही थांबायला नको.

अपघाताचं थोडक्यात सांगतो. बांधकामावर माणूस पडतो, विजेचा झटका बसतो, भिंत अंगावर येते. मग काय होतं ते आपण पाहिलंय. रातोरात जीपेत प्रेत घालून पाड्यावर आणून टाकतात, हातावर दहा-वीस हजार ठेवतात, आणि क्रियाकर्म होईपर्यंत मुकादम गायब. पोस्टमॉर्टेम नाही, पोलिसात नोंद नाही. माणूस चिरायला नको असं आपल्यालाही वाटतं, ते आम्ही समजतो. पण हा हिशोब ऐका. कामावर मेलेल्याच्या भरपाईचा १९२३ चा कायदा २०२५ पर्यंत होता. त्यात महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग घ्यायचे आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वय पंचविशीचं असेल तर तो आकडा होता २१६.९१. महिना ६ हजार धरले तर अर्धे ३ हजार, गुणिले २१६.९१, म्हणजे साडेसहा लाखांच्या वर. कमीत कमी १ लाख २० हजार तरी द्यावेच लागायचे. मुकादम पळाला तरी मूळ मालकाकडून घेता यायचे. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा होता, आणि तो गुजरातेत जाऊनच केला पाहिजे असं नव्हतं, वारस राहतात त्या भागातल्या भरपाई आयुक्ताकडेही करता यायचा. सिलिकोसिसही याच कायद्यात धंद्यातला रोग म्हणून लिहिलेला होता. हे सगळं मिळायला पोलीस पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा कागद लागतो. म्हणून जिथे मेला तिथल्या ठाण्यात नोंद झाल्याशिवाय प्रेत हलवू द्यायचं नाही. सोबतच्या माणसांनी तेवढा वेळ छाती घट्ट करायची आणि पाड्यावर फोन करायचा, तालुक्याचे कार्यकर्ते निघून येतील.

ऊसतोडीबद्दल बाया बोलल्या, ते आम्ही लिहून घेतलंय. जळलेल्या उसाची काजळी, रात्री-बेरात्री ट्रक भरणं, साप, पडावावर आडोसा नाही, बाळंतपण झालं तरी चौथ्या दिवशी कोयता हातात. उचलीवर दीडपट वसुली, त्यामुळे आजारी पडलं तरी परत येता येत नाही. यावर एक पूर्ण बैठक पाहिजे आणि ती बायांनीच घ्यावी असं ठरलं. आज एवढंच, गरोदर बाई जात असेल तर वहीत तिचे महिने लिहा आणि आशाताईला कळवा, म्हणजे जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीचा पत्ता तरी मागता येईल.

जमीन मिळाली की जाणं बंद होईल असं काही साथी म्हणतात. काही अंशी खरं आहे. पलीकडे ज्यांच्या शेतात पाणी होतं, त्यांच्यातले फार थोडे गोध्र्याला गेले. पण दोन एकर उतार, त्यावर एक पावसाचं पीक, एवढ्यावर वर्ष निघत नाही. रोजगार हमीचं काम मागितलं तर मजुरी कधी येईल याचा भरवसा नाही, मुकादम पैसे आज देतो. म्हणून जाणं चालूच राहणार, आणि दावेही चालू राहणार. उलट जाण्यामुळे दावे कसे अडतात ते पाहा. मोजणीची तारीख नेमकी माघात येते, दावेदार बारडोलीला, आणि शेरा पडतो की हजर नव्हता. वहीत तो कुठे आहे ते लिहिलेलं असेल तर समितीला ते उत्तर देता येईल. दुसरं, वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, तो विकता येत नाही. पलीकडे नवरा गेल्यावर उधारीसाठी कितीतरी विधवांची जमीन तोंडी गहाण पडली. ज्यांच्या पट्ट्यावर बायकोचं नाव नीट चढलेलं नाही, त्यांनी कामाला जायच्या आधी समितीकडून ते पाहून घ्यावं.

दगड दळायच्या, खडीच्या, टाइल्सच्या कामाबद्दल आमचं मत विचारलंत. कोरडी गारगोटी दळायची असेल तर जाऊ नका. रोज दुप्पट दिला तरी नको. उचल घेतलेली असेल तर संघटनेकडे या, ती दुसऱ्या कामात फेडायचा रस्ता काढू, मुकादमाशी बोलायला चौघं मिळून जाऊ. टाइल्स कापणं, खडीचं मशीन, दगडात ड्रिल मारणं, खंभातला अकीक घासणं, या सगळ्यात हीच धूळ आहे, कुठे कमी कुठे जास्त. जे आधीच जाऊन आलेत त्यांनी घाबरून घरात बसू नये आणि लपवूही नये. नाव द्या. नावं जमली की जिल्हा रुग्णालयात एकाच दिवशी सगळ्यांना घेऊन जाऊ, एक्स-रे काढून घेऊ, केसपेपरवर कामाचं नाव लिहून घेऊ. एकेकट्याला हाकलतात, तीस-चाळीस जणांना हाकलणं जड जातं.

वह्या कार्यालयात आणून ठेवल्या आहेत, दोनशे पानी. प्रत्येक पाड्याने जाताना एक घेऊन जायची, पैसे नाहीत. पहिल्या पानावर पाड्याचं नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव टाका. रकाने आखून दिले आहेत. पाऊस आणि उंदीर यांच्यापासून सांभाळा. पुढच्या बैठकीला दाव्यांच्या फाइलीबरोबर वहीही आणायची आहे.